त्रेसष्ट अंश

डोमाजीला दोन बोटं आडवी धरून दाखवली, एवढं जाड.
"एवढं काऊन जी ताई? आतपर्यंत शिजन का ते?"
मंगळवारीत सगळे बारीक तुकडे मागतात,
सत्तूर एकदा चालला की हात थांबत नाही त्याचा.
मी म्हटलं, दीड इंच. हाडासकट. कडेची चरबी राहू दे.
त्याने माझ्याकडे पाहिलं
मापात चुकलेल्या शिंप्याकडे पाहावं तसं.

आमच्या घरी डुक्कर अकरा शिट्ट्यांनी शिजायचं.
मी ओट्याखाली बसून मोजायचे.
बाबा मेयोच्या लॅबमध्ये. दिवसभर काचेवर
फितीसारखे जंत पसरून घरी यायचे,
कोपरापर्यंत हात धुवायचे,
आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणायचे,
अजून दोन होऊ दे.
एकदा जेवताना सांगितलं, वॉर्डात एक पोरगा आहे,
डोक्यात गाठी, झटके येतात. हिच्याएवढा.
मी ताटाकडे पाहिलं.
त्या गाठी मटण खाऊन होत नाहीत,
न धुतलेल्या हातांतून येतात, न धुतलेल्या भाजीतून,
हे कळायला मला वीस वर्षं लागली.
तोवर आईच्या शिट्ट्या तेरावर गेल्या होत्या.

भीतीला चव असते. कोरडी, धाग्याधाग्याची,
वर सावजी रस्सा ओतून लपवलेली.
नाताळ संपायचा, धागा दातातच.

काल रात्री चार पेले पाण्यात पाव वाटी मीठ,
बोराएवढा गूळ, मिरी.
संत्र्याची साल नाही. नागपूर असलं म्हणून
सगळ्यातच घालायची नसते.
पुस्तक म्हणतं, आधी तासभर बाहेर काढून ठेवा.
कोणत्या गावचा तास?
इथे मे महिन्यात ओट्यावर तासभर ठेवलं
तर ते एकतर शिजायला लागेल किंवा सडायला.
फ्रिजमधून थेट. फडक्याने टिपून, अगदी कोरडं.

बिडाचा तवा. आधी चरबीची कड,
चिमट्यात उभी धरून, ती स्वतःचं तेल सोडेपर्यंत.
मग एक बाजू. मग दुसरी. मग आच बारीक,
उलटत राहायचं, गप्पा मारायच्या नाहीत.

या गावाला पारा शिकवावा लागत नाही.
शेचाळीस की साडेशेचाळीस
यावरून पानठेल्यावर मारामारीची वेळ येते.
पण तव्यावर कुणी मोजत नाही,
तिथे सगळे अंदाजपंचे, नाहीतर शिट्ट्या.

सुई कडेने घालायची, पार मध्यापर्यंत.
हाडाला टेकली तर खोटं बोलते.
बावन्न.
सत्तावन्न.
कूलर घरघरतोय, मी मानेचा घाम पुसत नाही.
एकसष्ट.
त्रेसष्ट. बंद.

आता पाच मिनिटं हात लावायचा नाही.
खरी शिस्त इथे लागते.
आच नसताना ते आतल्या आत
अजून दोन-तीन अंश चढतं,
आणि पळायला निघालेला रस परत जागेवर बसतो.

कापलं. मधोमध फिकट गुलाबी, नखाच्या बुडासारखं.
बाबांनी ताट सरकवलं.
"कच्चं आहे."
"नाही बाबा. मोजलंय."
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग,
"सुई कशावर तपासली?"

पेलाभर बर्फ आणला, वर पाणी. सुई बुडवली.
चष्मा कपाळावर ढकलून ते वाकले,
नाक जवळजवळ पेल्यात.
"शून्य," म्हणाले. नोंदवहीत लिहितात त्या आवाजात.
मग सुई पुसून स्वतःच मांसात खुपसली.
"अठ्ठावन्न."
"आता उतरतंय. वर जाऊन आलंय ते."
"हं," म्हणाले. "वर जाऊन आलंय."

काट्याने एक तुकडा उचलला.
तेरा शिट्ट्यांच्या तयारीने बसलेला जबडा
दोनदा हलला आणि थांबला,
पुढची पायरी नसताना पाय टाकावा तसा.

काटा खाली ठेवला. उठले. मला वाटलं, झालं.
आत नळ सुरू झाला,
बराच वेळ चालू राहिला.
कोपरापर्यंत ओले हात घेऊन परत आले,
खुर्ची पुढे ओढली
आणि हाड उचललं.