कलम चार

परिपत्रक आलं : प्रत्येक विभागानं
दोन इंटर्न घ्यावेत,
कामाचं स्वरूप पन्नास शब्दांत कळवावं.
मी विद्यापीठाच्या पाणीपुरवठ्याचा.
पन्नास शब्द मी वर्षाकाठी लिहीत नाही,
'मोटर जळाली', 'मोटर आली',
एवढ्यात भागतं.

गेल्या साली आलेल्यांना काय दिलं आम्ही?
झेरॉक्स. टपाल. साडेचारचा चहा.
एक जण सहा आठवडे
जुन्या फायलींना नवे दोरे बांधत बसला.
जाताना मी लिहून दिलं :
'कार्यालयीन कौशल्य संपादन केले.'
पोरानं वाकून नमस्कार केला.
तो नमस्कार अजून टेबलावर पडून आहे,
आवक-नोंद न झालेला.

म्हणून यंदा कलम चारपाशी पेन थांबलं.
'विद्यार्थी काय शिकेल?'
खिडकीतून दौलूमामा दिसत होते,
पंपहाऊसच्या पायरीवर चंची सोडून बसलेले.
मार्चअखेर निवृत्त.
कोल्हापुरात पाणी बख्खळ, असं लोक म्हणतात.
ते ह्या माळावर चढवायचं म्हणजे कळतं.
आणि माळाखालच्या नळांचा नकाशा
कुठल्याच कपाटात नाही.
तो मामांच्या टोपीखाली आहे.

मी लिहिलं : दौलू कांबळे यांच्यासोबत चालणे.
जे कळेल ते कागदावर आणणे.

वरून फोन आला, "चालणे हे काम होतं का हो?"
म्हटलं, साहेब, त्यांची एकतीस वर्षं त्यातच गेली.
मानधनाच्या रकान्यात कुणीतरी 'अनुभव' लिहिलं होतं.
ते मी खोडलं.
अनुभवावर हुपरीच्या एसटीचा पास निघत नाही.

हुपरीची म्हणजे सुनयना मगदूम,
भूगोल, दुसरं वर्ष,
घरी पैंजणांना घुंगरू डाखणारी माणसं.
"मी जातो त्यांच्यासंगं," म्हणाली,
आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी.
पहिला आठवडा मामा बोललेच नाहीत.
नुसते पुढं. ती मागं, वही घेऊन.
आठव्या दिवशी एका लोखंडी झाकणापाशी
"हितं कान लाव."
तिनं लावला. भर रस्त्यात, गुडघे टेकून.
"सळसळतंय मामा."
"मग गळतंय. लिही."

त्यानंतर नावं यायला लागली :
चिंचेचा व्हॉल्व्ह. रडका.
सासरा, म्हणजे दोघांशिवाय न फिरणारा.
तिनं सगळी तशीच लिहिली,
शेजारी इंच, खोली, किती आटे.

एकदा मात्र जुंपली.
मुलींच्या वसतिगृहाला वरच्या मजल्यावर
चारनंतर थेंब नाही. मोठ्या मोटरचं कोटेशन
माझ्याच सहीनं गेलेलं.
ती म्हणाली, लाइन पार्किंगखालनं वळती,
मधे एक व्हॉल्व्ह असणार.
मामा म्हणाले, न्हाई. मी हाय की सांगायला.
फरश्या उचलल्या.
होता. निम्मा बंद, गंजून.
मामा बराच वेळ त्याच्याकडं बघत उकिडवे बसले.
"मीच पुरलावता," म्हणाले, "इसरलो."
ती खोडरबर काढायला लागली तर हात धरला :
"पुसू नगं. कडंला लिही,
हितं दौलू चुकला."

नकाशा आता माझ्या खुर्चीमागं आहे.
खाली उजवा कोपरा कोरा.
तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात :
'माहीत नाही.'
तीस वर्षं ह्या कचेरीत आहे,
असं कुणी लेखी दिलेलं
मी पाहिलं नव्हतं.

मोटरचं कोटेशन परत मागवलंय.
नवं परिपत्रकही आलंय. पन्नास शब्द.
मामा आता कागलला, नातवाकडं. फोन उचलतात.
कलम तीन, कामाचं स्वरूप :
तो कोपरा.
कलम चार अजून कोरं ठेवलंय.
जो येईल त्यालाच म्हणणार आहे,
जाताना तू भर.