उपास

मिन्यातल्या शाळेच्या अंगणात सकाळपासून
अकरा फारो, नऊ ममी,
आणि टॉयलेट पेपरचं शेवटचं भेंडोळं
हगरच्या डाव्या गुडघ्यापाशी संपलेलं.
"मी अर्धीच मेलेय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

तराजू अम्म फिक्रीच्या भाजीगाडीवरून उसना,
पीस गच्चीवरच्या कबुतरखान्यातलं.
मुलांनी नाईलकाठच्या मातीची हृदयं वळली,
कुणाचं लाडवाएवढं, कुणाचं बोट रुतलेलं.
एका पारड्यात पीस, दुसऱ्यात हृदय.
हलकं निघालं तर पैलतीर,
जड निघालं तर मगरतोंड्या राक्षसाचा घास.
सगळी आखणी माझी.

आणि मीच विसरले
की माती पिसाहून जड असते.

पहिलं पारडं धाडकन खाली.
दुसरं. तिसरं.
हगरने आपलं हृदय नखाने आतून कोरलं,
पार करवंटी केली त्याची,
तरी खालीच.
रांगेत कुणी हसेना.
एकाने हळूच विचारलं,
"मिस, मांजराला दगड मारलेला धरतात का?"

मी राक्षसाकडे पाहिलं.
अंड्यांच्या ट्रेचे दात लावून बसलेला शेनूदा,
त्याच्यापुढे सतरा हृदयं.
त्याने मुखवटा कपाळावर सरकवला,
घाम पुसला,
म्हणाला, "मला नाही चालणार.
ईस्टरपर्यंत आमचा उपास आहे."

संध्याकाळी तराजू परत केला.
अम्म फिक्रीने मला किलोभर टोमॅटो दिले,
पारड्याला चिकटलेल्या पिसासकट तोलून.