फुटाला दोन सूत

मुलाच्या वहीतलं आलेखाचं एक पान फाडून घेतलं.
एक चौकोन म्हणजे एक फूट.
मागच्या अंगणातला संडास उचलला
आणि पेन्सिलीने ठेवून दिला
मामंजींच्या खोलीला लागून, कोठीच्या जागी.
कागदावर संडास हलका असतो.

दस्तगीर मिस्त्रींनी पान उलटसुलट पाहिलं.
"वहिनी, भांडं कुठंही बसवतो.
पाणी कुठं जाणार ते सांगा."

मागचं चेंबर बावीस फुटांवर.
फुटाला दोन सूत उतार.
कमी दिला तर मैला बसतो,
जास्त दिला तर पाणी पुढे पळतं, मैला तिथेच.
बावीस दुणे चव्वेचाळीस सूत,
म्हणजे साडेपाच इंच.
खणावं तर हातभरावर तळजाईचा कातळ.
ब्रेकरचं भाडं ऐकून मी गप्प.
"मग फरशी उचलू," मिस्त्री म्हणाले. "एक पायरी फक्त."

एक पायरी.
तिच्याचपायी तर हा सगळा खटाटोप:
परसदाराच्या उंबऱ्याला अडणारा डावा पाय,
रात्री अडीचला भिंतीवरून
घासत जाणारा तळहात,
आणि मी जागी, डोळे मिटून,
कारण हाक मारलेली नसते त्यांनी.

"पुढे काढा."
खाटेवरून आवाज आला.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर;
अर्धांगानंतर शब्द मोजून खर्चतात.
"पुढची गल्ली... खाली आहे. पायाला कळतं."

मिस्त्रींनी पारदर्शक नळी पाण्याने भरली,
एक टोक मागच्या दारी, एक पुढच्या.
पाणी दोन्हीकडे एका रेषेत थांबलं,
पुढची जमीन फूट आणि चार बोटं खाली निघाली.
ते काही बोलले नाहीत.
कानावरचा खोडरबर लावलेला पेन्सिलचा तुकडा
माझ्या हातात दिला.

राहिला हवेचा पाइप.
तो कशाला, मी विचारलं; अडीच हजार वाचत होते.
"बादलीभर पाणी एकदम खाली गेलं
की मागून हवा ओढतं.
हवा नाही मिळाली
तर ट्रॅपमधलं पाणी पिऊन टाकतं.
ते दोन इंच पाणी म्हणजे दार, वहिनी.
ते गेलं की गटार घरात."

म्हणून दर्शनी भिंतीवरून सरळ वर,
कठड्याच्याही वर दोन फूट, डोक्यावर जाळीची टोपी.
शेजारच्या साबडे काकू फाटकाशी थबकल्या:
"अगं बाई, समोरून?"
मामंजी म्हणाले, "रंग द्या."

काल पहिली बादली ओतली.
वळणातलं पाणी थरथरलं, खाली गेलं,
आणि परत येऊन जागेवर बसलं.
आम्ही तिघं वाकून बघत होतो,
जणू विहिरीला पाणी लागलंय.

मामंजी चौकट धरून आत आले.
पाय घासला, अडला नाही.
"आता बाहेर व्हा सगळे."
दार ओढलं, मग पुन्हा किलकिलं केलं.
"कडी?"

माझ्या कागदावर कडी नव्हतीच.
मिस्त्री पिशवीत हात घालून
खुळखुळ शोधत राहिले.