चौतीस सेंटिमीटर

एकवीस वर्षं जलखात्यात चावीवाला.
असल्फाच्या टेकडीवर पहाटे साडेतीनला
लोखंडी चावी घेऊन वाकतो,
साडेअकरा फेरे डावीकडे,
नि वरच्या गल्लीत हंडे जागे होतात.
कुणी ओरडतं, घाडी, आज प्रेशर नाही!
मी म्हणतो, येईल.

मार्गशीर्षात वाकलो
तर रस्ताच राखाडी झाला. चार श्वास. परत आला.
मग रोजच.
मग कानात आपलीच नाडी, फुस्स फुस्स,
गळक्या जोडासारखी, कूस बदलली तरी तीच.
वंदना म्हणाली, नंबर वाढला असेल.
चष्मेवाल्याने दिवा धरून बुबुळाच्या तळाशी पाहिलं
आणि पैसे घेतले नाहीत.

सायनला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी.
कमरेत सुई, सुईवर नळी.
मला फक्त भिंत दिसत होती.
मागे डॉक्टरबाई मोजत होत्या,
वीस... सव्वीस... थांबेना... चौतीस.
चौतीस काय?
सेंटिमीटर. पाण्याचे.

हसू आलं, सुई हलेल म्हणून गिळलं.
वीतभर नि वर थोडं!
एवढ्याने तळमजल्याचा नळही
धड भरून वाहत नाही,
आणि इथे दोन डोळे विझायला निघालेले.

बाटली दाखवली त्यांनी. निवळ.
विचारलं, याची चावी कुठे असते?
म्हणाल्या, गोळ्या घ्या. वजन उतरवा.
बघू.

रात्री बदलीच्या पोराला फोन केला:
पहिले दोन फेरे हळू दे रे.
एकदम सोडलंस तर
जुनी लाइन फुटते.