अर्धा तास बसायचं

मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. म्हणून वाडीत
लशीचं काही विचारायचं ते मला.
गोविंद तांडेलांनी ऐकलं होतं,
सुई घेतली की खोल पाण्यात दम कोंडतो.
कुणी म्हणे, पोरींना मूलच राहत नाही.
मी ओट्यावर सुकट बाजूला सारून
खडूनं विषाणू काढला.
कळंबाच्या फुलासारखा असतो, म्हटलं,
आणि काटे मोजून दाखवले.

कोळंबी सोलता सोलता आईनं निकाल दिला:
"तू शिकलीस ना, तू घे आदी.
तुला कायी झाला नाय, तर मग आमी."

तिला ठाऊक नव्हतं,
जानेवारीपासून एकही तास मी ऐकलेला नाही.
रेंजसाठी सड्यावर जायचे,
छत्री उघडून, वही मांडीवर,
"प्रेझेंट मॅडम" म्हणायचे
आणि आवाज मिटवून
कातळावरच्या मुंग्या बघत बसायचे.
रात्री तीनला बंदरात इंजिनं सुटत.
मोजायचे.
शेवटची बोट गेली की कळायचं,
आजचीही झोप गेली.
मदिहाचा मेसेज, "जिवंत आहेस का गं?"
मी अंगठा पाठवला.

माझ्या नकाराला अफवा लागत नव्हती.
लस घ्यायची ती उद्यासाठी,
आणि उद्याचं चित्र
मला खडूनं काढता येईना.

तरी गेले. आईचं वाक्य होतं मानेवर.
बुरोंडीच्या शाळेत, रांगेच्या टोकाला, पेवेकर सिस्टर.
ताप? नाही.
ॲलर्जी? नाही.
दुसरा काही त्रास?
पेन थांबलं तिचं.
माझ्यामागे दीडशे माणसं, आधार कार्डांनी वारा घेणारी.
नाही, म्हटलं.

टोचल्यावर ती म्हणाली,
"अर्धा तास बसायचं हां.
मला दिसशील अशी बस."

चौथीच्या बाकात गुडघे मावत नव्हते.
भिंतीवर तेराचा पाढा, नऊपर्यंतच,
पुढचा रंग पापुद्र्यासकट गळालेला.
दर दोन-तीन दंडांनंतर
ती मान वर करी, मला शोधी,
सापडले की पुढचा दंड.
दीड वर्ष कॅमेरा बंद ठेवून जगलेली मी,
ओढणी सारखी करत राहिले उगाच.

अर्धा तास झाला. उठले नाही.
रांग संपली, बर्फाचा डबा मिटला.
खिडकीच्या गजांपलीकडे आई आणि तांडेल,
मला कायी झाला नाय ना
ते बघायला आलेले.

"चक्कर येतेय का गं?"
"सुईची नाही," मी म्हटलं.

पेवेकर सिस्टरनी दाराकडे पाहिलं,
खुर्ची ओढली,
आणि एकेक बोट सोडवत
हातमोजे काढले.