वरचं एक फूट

अंबड रोडला, वजनकाट्याच्या मागं आमचं यार्ड.
पाटी नाही. धुळीवरून लोक ओळखतात.
जालन्यात काही पडलं की इथं येतं.
परवा बंद टॉकीजच्या बाल्कनीचा स्लॅब आला,
खुर्च्यांचे नंबर अजून त्यावर, पांढऱ्या रंगात,
डी सतरा, डी अठरा,
क्रशरनं न वाचताच खाल्ले.

सळई वेगळी निघते, ती एमआयडीसीत भट्टीला.
पंधरा दिवसांत त्याच रस्त्यानं परत येते,
सरळ, निळसर,
आपण कधी कुणाचं छत होतो हे
तिच्या गावीही नसतं.

विटा द्वारकाबाईकडे.
बसुलीनं चुना झाडायचा, शंभराचा थर लावायचा.
जिनिंगच्या भिंतीची वीट ती वाजवून बघते,
खणखणली तर उजवीकडे,
बद्द वाजली तर क्रशरला.
माणसं अशी निवडता आली असती तर,
म्हणते, मपलं लग्नच झालं नसतं.

माती मात्र शहरातून येत नाही.
बायपासला जमीन गेली
की मुरूम भरायच्या आधी वरचं एक फूट काढतात.
पोकलेनवाल्याला डबा उघडेपर्यंतचं काम.
मुनीरभाई टिप्पर भरून आणतो, हळू चालवतो,
खडी असली की खड्ड्यात आदळतो बिनधास्त,
मातीला का जपतो, विचारलं तर हसतो.
आम्ही चाळतो, ढीग लावतो, ताडपत्री टाकतो.
बिलावर मी लिहितो:
गार्डन माती, काळी, चाळलेली,
दगडविरहित, तणविरहित, तीन ब्रास.

भादव्यात टाकळकर डॉक्टरांचा फोन आला.
दवाखान्यापुढं सोळाशे फूट लॉन लावली होती.
तुमच्या मातीत तण आहे म्हणाले.
बिल दाखवू का?
म्हटलं, दाखवू नका, माझंच अक्षर आहे.

द्वारकाबाईला खुरप्यासकट नेलं.
ती काठाला उकिडवी बसली,
खुरपं मांडीखाली दाबून ठेवलं
आणि बराच वेळ काहीच उपटलं नाही.
तण नव्हं हे, म्हणाली. अंबाडी हाय.
ही चवळी. हे तीळ. अन् ती कोपऱ्यातली तूर.
कुणाचं वावर व्हतं?
मी वही उघडली. गट नंबर होता,
नाव नव्हतं.
बाईचं व्हतं, म्हणाली.
गड्याला कापूस दिसतो, नाहीतर सोयाबीन.
हे असं घरापुरतं, बांधाबांधानं,
बाईच टाकती, वटीतून.

मी काय बोलणार.
आमची चाळणी सहा एमएमची. दगड अडतो.
तीळ कशानं अडणार?

मग तिनं अंबाडी खुडली, पदरात भरली.
बाकावर एक बाई बसली होती,
आत तिच्या सुनेचं सिझर चाललेलं,
तिनं विचारलं, मावशे, मूठभर देता का?
भाकरीसंगं बरी लागंल.
दिली. चवळीच्या चार शेंगाही दिल्या.
तीळ उपटले, वाफा साफ केला,
लॉन आपली हिरवी, कंगव्यानं विंचरल्यासारखी,
पण तुरीला तिनं हात लावला नाही.
डॉक्टर बाहेर आले, हातमोजे काढत.
ते झाड राहिलं की, म्हणाले.
द्वारकाबाई उठता उठता गुडघा धरून म्हणाली,
राहू द्या सायेब, तिच्या मुळ्यांनी गवताला खतच व्हतं.
डॉक्टर तुरीकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे,
आणि आत गेले.
म्हणजे हो का नाही, ते कळलं नाही.

परत येताना टिप्परच्या केबिनभर
अंबाडीचा आंबूस वास.
मुनीरभाई म्हणाला, बिलाचं काय झालं?
दुरुस्त केलं, म्हटलं.
एक शब्द खोडला.
पैसे तेवढेच.