अदलाबदल

रुस्तावीच्या बाजाराबाहेर नुगझारचं गॅरेज.
आज एक निळी गाडी, अमेरिकेतून बोटीने आलेली,
सिग्नलला थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरते.

कॅमशाफ्टचे दोन सोलेनॉइड. रूप एक, बोल्टही एकच, दहाचा.
त्याने ह्याला तिथे बसवलं, त्याला इथे.
दुखणं जागेचं असेल तर जागेवर राहील,
अंगचं असेल तर पाठोपाठ जाईल.

गेलं.

तरी खात्री हवी. दोन्ही बाहेर काढून
बॅटरीच्या तारा टेकवल्या,
स्क्रूड्रायव्हरची मूठ डाव्या कानाला.
पहिला गप्प.
दुसरा, चांगला, तोही गप्प.
नुगझार थांबला.
मूठ उजव्या कानाला नेली.
पहिला गप्पच.
दुसरा: टक.

जाळीत तेल डांबर होऊन बसलेलं.
नवा सोलेनॉइड, रबरी कडीला तेलाचं बोट,
आणि इंजिन असं लागलं
की झाकणावरचा चहाचा पेला हलेना.

बिल त्याने एकाच बिघाडाचं केलं.

रात्री जेवताना त्सियाला काहीतरी सांगत होती,
नेहमीसारखी त्याच्या डावीकडून.
तो उठला, ताट उचलून
तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.
"काय झालं?"
"काही नाही. बोल."